कागदाची उजवी बाजू

सातपूर, नाशिक
२३ जून २०२४, रविवार

प्रिय सरिता,

तुझ्या सगळ्या अटी मान्य. मोबाईलवर चित्राचा फोटो पाठवायचा नाही, कारण मोबाईल तिरका धरला की नाकही तिरकं दिसतं. फोन करायचा नाही, कारण तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की शेजारी जमतात. कागद पोस्टाने पाठवायचा, सोबत पत्र लिहायचं, आणि चूक सांगितली की रुसायचं नाही. शाळेत वर्गाची मॉनिटर होतीस. आता कोकणात जाऊन निवृत्त झालीस, तरी मॉनिटरच राहिलीस बाई.

तर पहिला कागद पाठवतेय. हे आमचे उजमाचे अब्बा आहेत. तू त्यांना माझ्या लग्नात पाहिलंस, मग उजमाच्या लग्नात. तरीही ओळखू आले नाहीत तर दोष त्यांचा नाही, माझा.

आपण दोघी एलिमेंटरीच्या परीक्षेला एका बाकावर बसलो होतो, आठवतं? तुला ए ग्रेड मिळाली, मला बी. तू पुढे चित्रकलेची बाई झालीस आणि जन्मभर पोरांकडून चेहरे काढून घेतलेस. मी जुन्या नाशकातून लग्न होऊन इकडे आले. सासूबाई होत्या तोवर घरात चेहरा काढायची सोय नव्हती. माणसाचं चित्र असेल त्या खोलीत नमाज पढायला त्या तयार नसत. मग मी मेंदी काढत राहिले. सातपूर-अंबडच्या किती नवरीमुलींचे हात माझ्या हाताखालून गेले, पण मेंदीत फुलं, वेली, मोर. चेहरा नाही. आता सासूबाई नाहीत, मुलं आपापल्या घरी आहेत आणि हे कारखान्यातून रिटायर होऊन दिवसभर समोर बसलेले असतात. म्हटलं, बसलेच आहेत तर काढूया.

रविवारी सकाळी चहा झाला की खिडकीशी खुर्ची टाकते. घरात आम्ही हिंदीतच बोलतो, पण तुला मराठीत लिहितेय, लहेजा तू लावून घे. "हलू नका" म्हटलं की म्हणतात, "लेथवर जॉब बांधलाय का मला?" चित्र बघून म्हणाले, "हा माणूस रेशनच्या रांगेत भांडून आलाय." तू काय म्हणतेस ते कळव.

तुझी,
शहनाज

•

कुडाळ
८ जुलै २०२४

प्रिय शहनाज,

कागद मिळाला. हसले नाही, कपाळाला हात लावला. शफीभाईंना माझा सलाम सांग आणि माफीही माग.

आता नीट वाच. पहिली चूक सगळेच करतात, तीच तूही केलीस. डोळे कपाळात चढवलेस. आपण माणसाचे डोळे, नाक, तोंड बघतो, म्हणून तेच मोठं काढतो आणि डोक्याला जागा उरत नाही. डोकं केसांसकट मोज. डोळे बरोबर मध्यावर येतात. विश्वास बसत नसेल तर हात लांब करून पेन्सिल धर, एक डोळा मीट आणि मोज. भुवईपासून हनुवटीपर्यंतचे दोन भाग कर, मध्यावर नाक संपतं. दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी एक डोळा मावतो. तोंडाचे कोपरे बुबुळांच्या सरळ खाली येतात. हे पाठ कर, पाढ्यासारखं.

दुसरी चूक तुझी स्वतःची आहे. कागदाच्या उजव्या बाजूला तुझं सगळं घसरतं. खालची पापणी, गाल, तोंडाचा कोपरा, सगळं. तू कागद तिरका ठेवत असणार. फळीवर चिमटा लावून सरळ ठेव. चित्र झालं की कागद उभा मध्यावर दुमड आणि खिडकीच्या काचेला लाव. दोन्ही बाजू एकमेकींवर बसल्या पाहिजेत. माझ्या वर्गात हे केल्याशिवाय मी सही करत नसे.

हा कागद मी ठेवून घेतेय. वर्षभराने दाखवीन, तेव्हा तुलाच हसू येईल.

मी सांगते त्याला कंटाळू नकोस. तुझ्यासमोर माणूस बसतो. आमच्याकडे आता ह्यांचा फोटो आहे, पण फोटोवरून शिकू नये असं मी स्वतःच पोरांना सांगत आले.

तुझी,
सरिता

•

सातपूर, नाशिक
११ ऑगस्ट २०२४, रविवार

प्रिय सरिता,

डोळे उतरवले. डोकं मोठं केलं. आता हे माणसासारखे दिसतात. ते बघून म्हणाले, "चला, भांडण मिटलं वाटतं."

पण उजवी बाजू ऐकत नाही गं. फळीला चिमटा लावला, तरी घसरते. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून नवा चष्मा करून आणला. खुर्ची खिडकीच्या दुसऱ्या अंगाला टाकली, उजेड बदलून पाहिला. कागद दुमडून काचेला लावला की तोंडाचे दोन कोपरे दोन मजल्यांवर. शेवटी मी त्यांच्यावरच चिडले. म्हटलं, "मिशी तिरकी कातरता, म्हणून माझं तोंड चुकतं." बिचाऱ्यांनी मिशीच काढून टाकली. तरी तेच.

आजकाल बसायलाही कुरकुर करतात. कान दुखतो म्हणतात, गल्लीतल्या डॉक्टरांनी कानात घालायला थेंब दिलेत. आणि चहा सांडायची नवीनच खोड लागलीय. धुतलेला सदरा घालून बसवावं, तर घोटाबरोबर एक ओघळ खाली येतोच. मी म्हटलं, नातवंडांना लाळेरं बांधते तसं तुम्हालाही बांधते. तर म्हणाले, "बांध, चित्रातपण काढ."

सोबत तीन कागद आहेत. लाल पेन्सिल हळू चालव.

तुझी,
शहनाज

•

कुडाळ
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय शहनाज,

तीनही कागद बघितले आणि एक गोष्ट कळली. तिन्हींमध्ये डाव्या बाजूचा अर्धा चेहरा सुरेख आहे. म्हणजे तुला येतं. अर्ध्यात आल्यावर हात दमतो, किंवा आपला हात कागदावरून पुढे गेला की बघण्याचा कोन बदलतो. माझ्या वर्गात असे विद्यार्थी होते. त्यांना मी एक युक्ती शिकवायचे, तीच तुला सांगते.

आधी मध्यरेषा आख. समोर बघून फक्त डावा अर्धा काढ. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून तो उतरव, पेपर उलटा कर आणि दुसऱ्या बाजूला दाबून घे. मेंदीत दोन तळहात जुळवतेस ना, तसंच. मग राहिलेल्या वेळात समोर बघायचं ते फक्त सावलीसाठी. असे आठ-दहा चेहरे केलेस की हाताला वळण लागेल आणि ट्रेसिंगचीही गरज राहणार नाही.

आणि समोर काही वेगळं दिसलं तरी भुलू नकोस. नवशिक्याचा डोळा फसवतो. माप फसवत नाही. शफीभाईंच्या मिशीबद्दल वाईट वाटलं.

तुझी,
सरिता

•

सातपूर, नाशिक
२९ सप्टेंबर २०२४, रविवार

प्रिय सरिता,

जमलं! जमलं गं बाई, जमलं!

सोबतचा कागद दुमडून काचेला लाव. केसभर फरक सापडला तर माझं नाव बदल. आणि हे ट्रेसिंगशिवाय काढलंय. तू म्हणालीस तसं हाताला वळण लागलं. आता डावीकडचा कोपरा काढला की उजवीकडचा आपोआप त्याच उंचीवर जाऊन बसतो.

शेजारचे गोरक्षभाऊ आले होते, ते म्हणाले, "वहिनी, शफीभाई बोलतील असं वाटतं." मी हवेत. हे मात्र चित्र बघून म्हणाले, "हा माझ्यापेक्षा तब्येतीनं बरा आहे." मी म्हटलं, कौतुक करताना तरी सरळ करावं माणसानं.

खरं सांगू का? मध्ये एकदा मान वर केली, तेव्हा वाटलं की यांचं तोंड खरंच त्या बाजूला जरा खाली आहे. डोळाही पाणावलेला. थोडा वेळ हात थांबला. मग तुझं वाक्य आठवलं. आधी कोपरा जरा खाली गेला होता, तो खोडरबराने पुसला आणि बरोबर जागी घेतला. पुसल्यावर चित्र एकदम हसरं झालं.

आता ते बसायला कुरकुर करत नाहीत. गप्प बसतात. जेवताना घास एकाच गालात धरतात, दाढ दुखत असेल. दिवाळीच्या सुट्टीत उजमा येतेय भिवंडीहून, तेव्हा तिला हे फ्रेम करून देणार आहे.

तुझी ए ग्रेडवाली,
शहनाज

•

कुडाळ
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय शहनाज,

काचेला लावला. केसभरही फरक नाही. एवढ्या वर्षांत मी फार थोड्या कागदांवर खाली काही न लिहिता सही केली असेल. तुझ्यावर केली आणि परत पाठवतेय. उजमाला फ्रेम करून दे.

आज मला इतका आनंद झाला की शेजारच्या सुनेला बोलावून चित्र दाखवलं. म्हटलं, ही माझी मैत्रीण, या वयात शिकली.

पुढचा धडा बाजूने दिसणारा चेहरा. कान कुठे बसवायचा ते तेव्हा सांगेन.

तुझी,
सरिता

•

कुडाळ
८ डिसेंबर २०२४

प्रिय शहनाज,

दिवाळी गेली, तुझं पत्र नाही, कागद नाही. लेक आली की मैत्रीण कोण लागते? का मी काही लागेल असं लिहिलं? फोन लावला होता, पलीकडून कोणीतरी बोललं, काही ऐकू आलं नाही, रडल्यासारखं वाटलं. का कोण जाणे, तेव्हापासून घास गोड लागत नाही. दोन ओळी तरी टाक.

सरिता

•

सातपूर, नाशिक
२९ डिसेंबर २०२४

सरिता,

फोन उजमाने घेतला होता.

ती दिवाळीच्या सुट्टीत आली. रिक्षातून उतरली, अब्बा दारात उभे होते. तिने सलाम केला आणि हातातली पिशवी तशीच खाली ठेवली. म्हणाली, "अब्बांचं तोंड वाकडं का झालंय?" मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "काही नाही गं, मिशी काढलीय म्हणून तसं वाटतं." ती आत आली. म्हणाली, "अम्मी, तू रोज बघतेस ना त्यांना?"

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. कानाच्या पुढे, गालात खोलवर लाळेची ग्रंथी असते, तिथे कॅन्सरची गाठ. आत होती, म्हणून हाताला लागत नव्हती. चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते. ती हळूहळू दबत गेली, म्हणून पापणी, गाल आणि तोंडाचा कोपरा खाली येत गेला. चहा त्यामुळेच ओघळायचा. डोळा त्यामुळेच पाणावायचा. मी लाळेरं बांधते म्हणाले होते.

डॉक्टरांनी विचारलं, "हे केव्हापासून आहे?" हे म्हणाले, "दिवाळीच्या आधीपासून असेल." डॉक्टर म्हणाले, "नाही, हे कित्येक महिन्यांचं दिसतंय. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. जूनपासून दर रविवारी मी या माणसासमोर बसलेय, पेन्सिल धरून, एक डोळा मिटून. कुठली बायको नवऱ्याकडे एवढं बघते? आणि त्यांना काय सांगणार होते, की लक्षात आलं होतं आणि मी ते पुसलं?

ऑपरेशन नोव्हेंबरच्या शेवटी झालं. गाठ काढली, तिच्याबरोबर नस गेली. पावसाळ्यात आला असतात तर नस वाचवायचा प्रयत्न करता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. अगदी शांतपणे म्हणाले. आता अर्धा चेहरा हलत नाही आणि पुढेही हलणार नाही. डोळा मिटत नाही, झोपताना पट्टी लावावी लागते. रेडिएशनचे शेक द्यायचे बाकी आहेत.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते. लिहिलं आणि खोडलं. राग आहे, थोडा. माझ्यावर जास्त आहे. तू कुडाळात होतीस. मी समोर होते.

शहनाज

•

कुडाळ
१२ जानेवारी २०२५

शहनाज,

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. राग थोडा का, पूर्ण ठेव.

तुझा पहिला कागद मी ठेवून घेतला होता. तो काढून समोर ठेवला. डोळे कपाळात आहेत, एवढी एकच चूक त्यात आहे. बाकी सगळं बरोबर आहे. पापणी किती खाली आली होती, गालावरची घडी कशी नाहीशी झाली होती, कोपरा कुठे होता, सगळं तू जूनमध्येच काढून माझ्या हातात दिलं होतंस. ऑगस्टच्या तीन कागदांवर माझ्या लाल रेघा आहेत, आणि प्रत्येक रेघ आजारावर मारलेली आहे. मला वाटायचं मी चुका शोधतेय.

मी जन्मभर पोरांना सांगितलं, माप फसवत नाही. असं किती पोरांनी आपल्या आजीचं, बापाचं तोंड माझ्यासाठी सरळ केलं असेल? एकीने काढलेल्या आईच्या चित्रात एक डोळा लहान होता, मी तो मोठा करायला लावला होता. ती रडली होती. मला वाटलं, मार्कांसाठी रडतेय. ती आज मला आठवतेय आणि तिचं नाव काही केल्या आठवत नाही.

कागद तुला पाठवू का? की मीच जाळून टाकू? आणि मी येऊ का? ऐकू येत नाही, पण भाकरी करता येते, भांडी घासता येतात. तू नको म्हणालीस तर येणार नाही.

सरिता

•

सातपूर, नाशिक
६ एप्रिल २०२५, रविवार

प्रिय सरिता,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला रमजान ईद उलटली. शेक संपले. डॉक्टर म्हणतात, गाठ परत आलेली नाही. अल्लाहचे आभार मानते आणि तरी रडू येतं, असं झालंय माझं.

तू येते म्हणालीस. इतक्यात येऊ नकोस. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी सांगतेय. ते कुणासमोर येत नाहीत. माझ्यासमोरही जेवत नाहीत, ताट घेऊन आतल्या खोलीत जातात. ईदच्या नमाजला गेले नाहीत. लग्न झाल्यापासून ईदगाह कधी चुकली नव्हती त्यांची. मला सांगायला लावलं, ताप आहे म्हणून. बेसिनवरचा आरसा त्यांनी स्वतःच काढून पलंगाखाली सरकवला. दाढी हातानं चाचपून करतात. जुने कागद जाळू नकोस. ठेव तुझ्याकडे. माझ्याच्याने ते बघवणार नाहीत.

आज सकाळी मात्र वेगळंच झालं. चहा झाला आणि त्यांनी स्वतः खुर्ची उचलून खिडकीशी ठेवली. आता शब्द अर्धवट उमटतात, पण मला कळतात. म्हणाले, "काढ. जसा झालोय तसा काढ. आरशात बघायची हिंमत होत नाही. तुझ्या कागदात बघतो."

सरिता, मी मध्यरेषा आखली नाही. पेन्सिल लांब धरून मोजलं नाही. मनाशी म्हटलं, आज फक्त यांच्याकडे बघायचं. बघितलंही. लाल झालेला डोळा बघितला, कानापासून मानेपर्यंत गेलेला वण बघितला, गाल कसा लोंबतो ते बघितलं. डोळ्यांना धार लागली होती, पुसत पुसत काढत होते. ते अजिबात हलले नाहीत. ऊन खिडकीतून सरकून फरशीवर आलं, तोवर काढत होते.

झालं म्हटलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, सहन होत नाहीये त्यांना. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

तोंड सरळ होतं. दोन्ही डोळे सारखे, दोन्ही गाल सारखे. वण तेवढा होता, नव्याने चिकटवल्यासारखा. दुमडून काचेला लावला असता तर केसभर फरक निघाला नसता. कधी सरळ झालं ते मला कळलंच नाही. मी समोर बघत होते आणि हात त्याचं त्याचं काढत होता.

मी म्हटलं, "थांबा, पुसते. पुन्हा काढते. उठू नका."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. खिशातून रुमाल काढून तोंडाचा कोपरा टिपला. ते मला नावाने हाक मारत नाहीत, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मी उजमाची अम्मी आहे. आज नाव घेतलं.

म्हणाले, "शहनाज, मी इथं बसलोय."

तुझी,
शहनाज